भुंग्याची उजवी बाजू

ताटातली अर्धी भाकरी आजही तशीच राहिली होती, आणि ती अर्धी साधनाची होती.

जर्मनचं पसरट ताट ओट्याच्या कडेला ठेवलेलं असे. भुंगा जेवायचा तो घराकडे पाठ आणि अंगणाकडे तोंड करून, म्हणजे खाता खाता फाटकावर लक्ष राहतं. त्याच्या उजव्या हाताला भागुबाईने घातलेली भाकरी, डाव्या हाताला साधनाने घातलेली. भागुबाईची बाजू त्याने चाटून अशी लख्ख केली होती की तीत तोंड बघावं. साधनाच्या बाजूला दुधात कुस्करलेला काला जसाच्या तसा, वर दोन मुंग्या. मोजणीवाल्याने येऊन मधे हद्द आखून द्यावी तसं ते ताट दिसत होतं.

‘आज बी नाय का खाल्लं?’ भागुबाईने विचारलं. विचारताना तिची सुई थांबली नाही. गुलछडीच्या कळ्या एकामागून एक दोऱ्यावर चढत राहिल्या, आणि साधनाला त्या न थांबण्यातच सगळं ऐकू आलं.

‘पोट भरलं असंल,’ साधना म्हणाली.

‘हां, भरलं असंल. आमच्याकडचंच जरा जास्त झालं असंल.’

भागुबाई ही साधनाची थोरली जाऊ; साधना तिला आक्का म्हणे. मखमलाबादच्या शिवारात पाटाच्या कडेला सहादू आणि रंगनाथ या दोन भावांचा फुलांचा मळा होता. थोरल्याची भागुबाई, धाकट्याची साधना. पाच वर्षांपूर्वी चुली वेगळ्या झाल्या तेव्हा सगळ्याची वाटणी झाली. विहिरीच्या पाण्याचे वार वाटले गेले, शेवंतीचे वाफे वाटले गेले, फवारणीचा पंप, एवढंच काय, चिंचेच्या झाडाच्या पूर्वेच्या फांद्या आणि पश्चिमेच्या फांद्यासुद्धा. घराच्या मधे भिंत उभी राहिली आणि दारं दोन झाली. ओटा तेवढा सलग राहिला, कारण हार ओवायला उजेड दोघींनाही तिथेच मिळायचा. जी ती आपापल्या दारासमोर बसे आणि मधल्या जागेत भुंगा.

भुंग्याचा विषय तेव्हा निघाला होता. पंचांतलं कुणीसं म्हणालं, कुत्र्याची काय वाटणी करायची, दोन्हीकडचं खाईल. साधना गप्प बसली. तिच्या मते वाटणी व्हायला ते कुत्रं मुळात सामाईक नव्हतंच.

पंच्याण्णव साली ती गंगापूर रोडवरच्या एका बंगल्यात रोज पूजेची फुलं द्यायला जायची. तिथल्या बॉक्सर जातीच्या कुत्रीला पिल्लं झाली. आई खानदानी, बाप कोण ते त्या आईलाच ठाऊक. त्यातलं सगळ्यात मरतुकडं पिल्लू स्वयंपाकीणबाईने साधनाच्या रिकाम्या फुलांच्या पाटीत टाकलं आणि म्हणाली, जगलं तर तुझं. साधनाने त्याला कापसाच्या वातीने दूध पाजलं. नाक चपटं असल्यामुळे झोपेत ते गुंऽगुं करायचं, म्हणून भुंगा. नऊ वर्षं तो तिच्या मागे मागे फिरला. रंगनाथ म्हणायचा, तुझी सावली दुपारी लहान होते, हे होत नाय.

आणि आता, महाशिवरात्र झाल्यापासून, तो तिचं खात नव्हता.

सुरुवातीला तिने दुर्लक्ष केलं. मग गूळ घातला. मग सुकट घातली, वासाने शेजारची मांजरं आली पण भुंगा आला नाही. अंडं फोडून घातलं. एकदा तर भागुबाईसारखी जाडजूड भाकरी थापून पाहिली. रंगनाथने ताटात बघून विचारलं, ‘आज भाकरीला काय सूज आलीय?’

‘खा गुमान,’ साधना म्हणाली.

खाण्यावर भागलं असतं तरी तिने गिळलं असतं. पण हार ओवत बसल्यावर ती ‘भुंग्या’ म्हणून हाक मारायची, तो कान टवकारायचा, उठायचा, उजवीकडे वळायचा, आणि भागुबाईच्या पायाशी जाऊन बसायचा. कधी कधी उजवीकडूनच अख्खी गिरकी घेऊन पुन्हा तिथेच. हाक हिने मारायची आणि कुत्रं तिच्या पदरात. भागुबाई त्याच्या कानामागे खाजवायची आणि फुलांना उद्देशून म्हणायची, ‘मुक्या जीवाला बरोबर कळतं बाई, माया कुठं हाय अन् कुठं नाय.’

साधनाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कळ्यांऐवजी बोटात सुई जायची. तिला वाटे, नवऱ्याने बाहेर कुणी ठेवली असती तरी चार बाया आपल्या बाजूने बोलल्या असत्या. कुत्र्याने ठेवली तर कुणाला सांगायचं? रंगनाथला सांगून पाहिलं. तो म्हणाला, ‘कुत्र्यावरून सवतीसारख्या भांडू नका, गाव हसंल.’ म्हणजे तो हसून मोकळा झालाच होता.

ती बारकाईने पाहू लागली. मत्सर माणसाला आंधळं करतो म्हणतात, पण साधनाला त्याने उलट चार डोळे दिले. भुंगा कधी उठला, कुठे वळला, कुणाच्या हातचं किती खाल्लं, तिला सगळं तोंडपाठ. तिच्या दारातून बाहेर पडताना तो चौकटीला डोकं आपटतो, हेही तिने पाहिलं. आणि तिला एकदम आठवलं, शिवरात्रीच्या आठवड्यात भागुबाई वणीला जाऊन आली होती. गडावरचा प्रसाद म्हणून पेढा आणला होता आणि भुंग्याला स्वतःच्या हाताने भरवला होता. पेठकडचा कुठला भगत तिथे बसतो, मुळ्या देतो, असं साधनाने ऐकलं होतं. झिंगल्यासारखा आपटतोय, वळू नये तिकडे वळतोय. आक्कांनी पेढ्यातून काहीतरी खाऊ घातलं, यात तिला शंका उरली नाही. आता पुरावा हवा होता.

चैत्र लागला होता. वणीच्या यात्रेमुळे फुलांना मागणी होती. अशा दिवसात एक सकाळ मोडून साधनाने गोटीरामच्या रिक्षात झेंडूच्या पाट्यांशेजारी भुंग्याला बसवलं आणि बाजारात फुलं उतरवून ती पंचवटीतल्या जनावरांच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टर यशश्री तिशीची, चष्मेवाली, बोलायला मऊ. आधीचा पोपट आटोपून तिने विचारलं, ‘काय होतंय याला?’

‘याला काय होत नाय. मला होतंय,’ साधना म्हणाली. ‘माझ्या जावेनं याला काय खाऊ घातलं, तेवढं तपासा. अन् कागदावर लिहून द्या.’

डॉक्टरने चष्मा वर सरकवला. ‘बसा. पहिल्यापासून सांगा.’

असं साधनाला गेल्या दीड महिन्यात कुणी म्हटलं नव्हतं. तिने पहिल्यापासून सांगितलं. ताट, गूळ, सुकट, अंडं, हाक, गिरकी, पेढा, सगळं. डॉक्टर लिहून घेत होती. साधनाला बरं वाटलं, ती आणखी खुलली.

‘अन् लबाड किती म्हणाल तर, नुसता तिचा झाला असता तरी मी म्हटलं असतं, जा बाबा. पण मळ्यातून हिंडून घराकडं आला की पहिला कुणाकडं येतो? माझ्याकडं. मी ओट्यावर, ती ओट्यावर, समोरून येतो अन् सरळ माझ्या पायात शिरतो. तिला हुंगत पण नाय. अन् एकदा ओट्यावर चढून आमच्यात बसला की मी मेले त्याच्यासाठी. येताना माझा, बसताना तिचा. असा दुतोंडी.’

डॉक्टरचं पेन थांबलं.

‘पुन्हा सांगा. समोरून येतो तेव्हा तुमच्याकडे?’

‘रोज.’

‘आणि जागा त्याच? तुम्ही तुमच्या दारासमोर, त्या त्यांच्या?’

‘जागा कोण बदलतंय. वाटणीतल्या जागा त्या.’

यशश्री उठली. तिने एक खुर्ची आणि एक स्टूल ओळीत मांडलं, मधे स्वतः भिंतीला पाठ लावून उभी राहिली. ‘समजा मी भुंगा. ही खुर्ची जाऊबाई, माझ्या उजवीकडे. हे स्टूल तुम्ही, डावीकडे. बरोबर?’ मग ती दारापर्यंत चालत गेली, वळली आणि खुर्ची-स्टुलाकडे तोंड करून परत येऊ लागली. ‘आता मी बाहेरून येतेय. आता माझ्या उजवीकडे कोण आहे?’

साधनाने पाहिलं. स्टूल होतं.

‘तो तुमच्याकडे किंवा त्यांच्याकडे जात नाहीये, ताई. तो उजवीकडे जातोय.’

मग तिने भुंग्याला टेबलावर घेतलं. उजव्या डोळ्याकडे झपकन हात नेला, त्याने पापणी मिटली. डाव्या डोळ्याकडे नेला, तो मख्ख. कापसाचा बोळा उजवीकडून सोडला, त्याने मान वळवून पाहिलं. डावीकडून सोडला, जणू पडलाच नाही. शेवटी तिने त्याचा पुढचा डावा पंजा उचलून उलटा टेकवला, बोटं दुमडून. कुठलंही कुत्रं तो झटकन सरळ करतं. भुंगा उलट्या पंजावर तसाच उभा राहिला आणि साधनाकडे पाहून शेपूट हलवली, कारण ती आत्ता उजवीकडे उभी होती.

‘डोळा गेलाय का त्याचा?’

‘डोळे चांगले आहेत. मेंदूला डावीकडचं जग पोचत नाहीये. दिसत नाही असंही नाही, त्याच्या लेखी डावी बाजूच नाही. तुमची भाकरी तो नाकारत नाही हो. त्याच्यासाठी ताट तिथेच संपतं.’ तिने त्याचा पंजा सरळ करून टेकवला. ‘या वयात, या जातीच्या रक्तात, असं हळूहळू वाढत गेलेलं... मला मेंदूत गाठ असल्याची शंका येतेय.’

पण साधनाचं निम्मं लक्ष आधीच उठून गेलं होतं. भाकरी नाकारत नाही. तिच्याकडे जातच नाही. गाठ, औषध, फोटो, रविवार असे शब्द तिच्या कानावरून गेले, पण डॉक्टरच्या बोलण्यातलं तिने भुंग्यासारखं एकाच बाजूचं खाल्लं.

‘आधी घरी एक करून बघा,’ यशश्री म्हणत होती. ‘जागा बदला. तुम्ही जाऊबाईंच्या जागी, त्या तुमच्या जागी, तो मधे. माणूस ओळखून जात असेल तर तुम्हाला सोडून पलीकडे त्यांच्याकडे जाईल, आणि मी चूक ठरेन. बाजू बघून जात असेल तर तुमच्याकडे येईल. मला मनापासून चूक ठरायचंय. पण जे होईल ते कळवा.’

रिक्षात साधनाने वाक्यं जुळवली. आक्का, जरा ऐका. नको, ते फार मऊ. आक्का, त्याचा तुमच्यावर जीव नाय, त्याला तुमच्याशिवाय दुसरी बाजूच नाय. हे बरं. हे तिने गोटीरामच्या पाठीला दोनदा म्हणून पाहिलं. ‘काय म्हणता?’ तो म्हणाला. ‘तुला नाय,’ ती म्हणाली.

दुपारी दोघी ओट्यावर बसल्या. शेवंतीच्या राशीत भुंगा नेहमीप्रमाणे उजवीकडे कलून पडला होता, भागुबाईच्या मांडीला टेकून.

‘आक्का, जरा इकडं बसता का? मी तिकडं बसते.’

भागुबाईने सुई दोऱ्याला टोचून ठेवली. ‘का गं? आज बाजू मागतीस, उद्या विहीर मागशील.’

‘डॉक्टरनं सांगितलंय.’

‘माझ्या बसायच्या जागेचं डॉक्टरला काय?’

मग साधनाने सांगितलं. रिक्षातलं सगळं सांगितलं, मऊ न करता. ताट कसं संपतं ते सांगितलं, उजवी बाजू सांगितली. ‘तुमच्यावर माया नव्हती ती. तुम्ही त्याच्या उजवीकडं बसता, एवढंच. तिथं खांब असता तर खांबाला चिकटला असता.’

हे खांबाचं तिने रिक्षात ठरवलं नव्हतं. ते आपसूक आलं.

भागुबाईच्या तिन्ही लेकी सासरी, सहादू दिवसभर मळ्यात नाहीतर बाजारात. तिच्या दारातून दिवसात येणारं-जाणारं होतं कोण, तर हे कुत्रं. हे साधनाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि त्या वेळी आठवणं वेगळं.

‘खांब,’ भागुबाई म्हणाली. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. ‘बस मग माझ्या जागी. बघू तुझा डॉक्टर काय शिकलाय.’

‘बाई हाय ती.’

‘मग बघू ती काय शिकलीय.’

ती निर्धास्त होती. साधनाच्या दारासमोर जाऊन तिने पदर सावरला आणि बसली. साधना भागुबाईच्या जागी बसली. दगड अजून गरम होता. इथून अंगण वेगळंच दिसत होतं, पेरूच्या झाडाआडचं फाटक पुरतं दिसत होतं; पाच वर्षांत ती इथे एकदाही बसली नव्हती. मधे भुंगा उठून उभा राहिला, अंगणाकडे तोंड करून.

‘भुंग्या, ये रं माझ्या राजा,’ भागुबाईने हाक मारली.

त्याने कान टवकारले.

आणि नेमक्या त्या वेळी, सकाळी न ऐकलेली उरलेली बाजू साधनाच्या कानात शिरली. मेंदूत गाठ. तो आपल्याकडे आला तर आपलं खरं, आपलं नऊ वर्षांचं खरं. आणि आपलं खरं म्हणजे याच्या डोक्यात गाठ आहे. तो आक्कांकडे गेला तर गाठ नाही. नुसता बेइमान आहे, धडधाकट आहे, अजून चार वर्षं बेइमानी करील.

दीड महिना तिने जे मागितलं होतं ते तिला आता नको होतं. जा, ती मनात म्हणाली. जा तिकडं. भाड्या, जा की आक्काकडं. तिने श्वाससुद्धा धरला, आपला वास त्याला येऊ नये म्हणून.

भुंगा उजवीकडे वळला. दोन पावलं टाकून त्याने आपलं चपटं नाक साधनाच्या पोटात खुपसलं आणि शेपूट हलवली.

‘भुंग्या,’ भागुबाई पुन्हा म्हणाली. ‘अरे मी हाय ना हिकडं.’ त्याने आवाज ऐकला, उजवीकडून गिरकी घेतली आणि पुन्हा साधनाच्याच मांडीशी आला. भागुबाईने हात लांब करून त्याच्या डाव्या बरगडीला लावला. तो दचकला. कोठून काय लागलं ते त्याला समजलं नाही. त्याने उजवीकडे पाहिलं, तिथे साधना होती. ती ओळखीची होती, तो निवांत झाला.

भागुबाईने हात मागे घेतला. अर्धा ओवलेला हार तसाच टाकून आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

साधना जिंकली होती. ती भुंग्याचं डोकं धरून बसून राहिली. यात्रेच्या हारांचं काम त्या दिवशी झालं नाही.

साधनाने झालं ते डॉक्टरला कळवलं आणि रविवारी दुपारी भुंग्याच्या मेंदूचा फोटो काढायला जायचं ठरलं. नाशकात कुत्र्यांसाठी तसलं मशीन कुठलं असायला. पण यशश्रीच्या चुलतभावाचं, देवव्रतचं, माणसांचं स्कॅन सेंटर होतं आणि रविवारी ते बंद असे. त्याने एकच अट घातली होती, कुत्रं मागच्या दाराने आणा.

गोटीरामची रिक्षा फाटकाशी आली तेव्हा भागुबाई आधीच तिथे उभी होती. इस्त्रीचं लुगडं, हातात घडी घातलेली चादर. गाठीचं आणि रविवारचं तिला रंगनाथकडून कळलं होतं; चार दिवस ती साधनाशी एक शब्द बोलली नव्हती. आताही बोलली नाही. रिक्षात चढून बसली आणि म्हणाली, ‘मशीनचा पत्रा गार असतो. चादर लागंल.’ हे ती गोटीरामला म्हणाली.

इंजेक्शन दिल्यावर भुंगा गुंऽगुं करत झोपला. मशीनच्या त्या मोठ्या कड्यातून तो भागुबाईच्या निळ्या चादरीवर आत-बाहेर झाला. मग यशश्रीने काळी फिल्म दिव्यावर लावली. अक्रोड फोडल्यासारखा मेंदू, आणि त्यात एका अंगाला बोराएवढा पांढरा डाग.

‘ही गाठ. उजव्या बाजूला.’

‘उजव्या?’ साधना म्हणाली. ‘दिसत नाय डावीकडचं अन् गाठ उजवीकडं?’

‘मेंदूचं उलटं असतं. उजवा भाग डावीकडचं सांभाळतो.’

म्हणजे गाठसुद्धा आक्कांच्याच बाजूला जाऊन बसली, असं साधनाच्या मनात येऊन गेलं. एवढ्यातही आलं. तिची तिलाच लाज वाटली.

यशश्री बोट ठेवून सांगत होती. कुत्र्यांत जी त्यातल्या त्यात दिसते ती गाठ मेंदूवरच्या आवरणाची असते, ती अशी कडेला असते. ही आत आहे, मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीला लागून. ही फार क्वचित. तिने ती फक्त पुस्तकात पाहिली होती. नक्की नाव सांगायचं तर तो गेल्यावर तुकडा काढून तपासावा लागेल. इथे ऑपरेशन होण्यासारखं नाही. सूज उतरायच्या गोळ्या देऊ, फिट येऊ नये म्हणून देऊ, काही दिवस तो बराच बरा वाटेल. ‘दोन महिने म्हणा. चार म्हणा. त्यापुढचं मी म्हणत नाही.’

भागुबाईने विचारलं, ‘कधीपासनं हाय ही?’

‘नक्की नाही सांगता येत, मावशी. काही महिने असेल.’

‘दिवाळीत व्हती?’

डॉक्टरने साधनाकडे पाहिलं, मग पुन्हा भागुबाईकडे. ‘का बरं?’

‘दिवाळीत ही चांदवडला गेलती भाऊबीजेला. फटाक्याला भितो तो. चार दिवस माझ्या मांडीवरनं उठला नाय.’ भागुबाई फिल्मकडे बघत बोलत होती. ‘पोरी आल्या नव्हत्या औंदा. सगळं घर ओस अन् हा मांडीवर. मला एवढंच इचारायचं व्हतं की ते... ते तरी आजारातलं नव्हतं ना. का तिथं बी खांबच व्हता.’

यशश्रीने चष्मा काढला आणि पुसला. ‘मावशी, खरं सांगायचं तर मला ते—’

त्या खोलीत याचं उत्तर एकाच माणसाला ठाऊक होतं.

साधनाला चांदवडहून परतल्याचा दिवस लख्ख आठवत होता. पिशवी घेऊन ती फाटकात उभी राहिली आणि तिने हाक मारली. भुंगा ओट्यावर भागुबाईच्या मांडीवर होता. त्याने डोकं उचललं, तिला पाहिलं, नीट पाहिलं, आणि डोकं पुन्हा ठेवलं. तिसऱ्या हाकेला तो उठला. ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. रंगनाथलाही नाही. ताटावर नजर ठेवायचं वेड तिला लागलं ते त्या दिवसापासून, शिवरात्रीपासून नव्हे. आणि तेव्हापासून शिवरात्रीपर्यंत, जवळजवळ चार महिने, ताट रोज दोन्ही बाजूंनी साफ होत होतं. तिने रोज पाहिलं होतं. तेव्हा त्याला दोन्ही बाजू दिसत होत्या. तेव्हा त्याच्यापुढे दोघी होत्या, आणि तो उठला नव्हता.

हे न सांगणं अगदी सोपं होतं. डॉक्टर म्हणाली असती, सांगता येत नाही, आणि विषय तिथेच मिटला असता. सगळी नऊ वर्षं साधनाची राहिली असती.

‘नव्हती,’ साधना म्हणाली.

भागुबाई तिच्याकडे वळली. ‘तुला काय ठाव? तू व्हती का इथं?’

‘आल्यावर बघितलं ना. शिवरात्रीपर्यंत ताट दोन्हीकडनं साफ असायचं. रोज बघायचे मी.’

‘रोज?’ यशश्रीने विचारलं. ‘दोन्ही बाजूंनी?’

‘रोज. हाकेला डावीकडं पण वळायचा.’ मग उरलेलंही बोलली, कारण अर्धं ठेवून काय उपयोग. ‘मी आले तेव्हा तुमच्या मांडीवरनं तिसऱ्या हाकेला उठला तो, आक्का. मला बघून पण नाय उठला.’

भागुबाईने झोपलेल्या भुंग्याकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘तिसऱ्या?’

‘तिसऱ्या.’

‘मला वाटलं दुसऱ्या.’

यशश्रीने वहीत काहीतरी लिहिलं. फेब्रुवारीच्या आधी लक्षणं नाहीत, एवढंच असेल. पण भागुबाईने मान लांब करून ते पाहिलं, वाचता येत नसतानाही, आणि समाधानाने पदर नीट केला.

परतताना भुंगा अजून गुंगीत होता. दोघींनी मिळून त्याला रिक्षात घेतलं. ज्या बाजूने उचलला त्या बाजूने डोकं भागुबाईच्या मांडीवर आलं, साधनाच्या वाट्याला मागचे पाय. रामवाडी यायच्या आत भागुबाई गोटीरामला दिवाळीची गोष्ट सांगू लागली होती. पहिला फटाका कसा वाजला, हा कसा धावत आला, घरात बाकी कुणी कुणी असून नेमका हिच्याच मांडीत कसा शिरला. घरात बाकी कुणी नव्हतं, हे ती आत्ताच स्वतः डॉक्टरला सांगून आली होती. गोटीराम आरशातून बघून ‘हां, हां’ म्हणत होता.

‘अन् ही आली अन् हाकेवर हाका मारतीय. पाच हाका मारल्या, सहा मारल्या...’

‘तीन,’ साधना म्हणाली.

‘तीन तर तीन. पण उठला का? आठ दिवस जो मांडीवर बसला व्हता...’

‘चार दिवस, आक्का. चारच.’

‘बरं, चार,’ भागुबाई म्हणाली, आणि पुन्हा पहिल्या फटाक्यापासून सुरू झाली.

साधनाचं तोंड कडू झालं होतं. पुढचे दोन महिने, चार महिने, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं ही गोष्ट आपल्याला ओट्यावर बसून ऐकावी लागणार, हे तिला दिसत होतं. वळणावर रिक्षा कलली आणि भुंगा घसरू लागला. तिने त्याचे दोन्ही मागचे पाय कुशीत ओढून घट्ट धरले. ‘डोकं धरा नीट,’ ती म्हणाली, ‘नुसत्या गोष्टी काय सांगताय.’